गायरानावर खड्डे काढण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत गायरानाचं नशीब 1 मेच्या ग्रामसभेत ठरतं. त्या दिवशी माळाकडं नजर टाकली तर उघडा मुरूम, जळालेल्या गवताचे काळे बुडखे, एखादं हिवर आणि त्याच्या विरळ सावलीत रवंथ करत बसलेली चार म्हसरं एवढंच दिसतं. ‘एवढं रान नुसतं पडून हाय’ असं कुणीतरी म्हणतं, माना डोलतात आणि ठराव होतो. कुठं वृक्षलागवडीचा, कुठं सौर प्रकल्पाच्या ना-हरकतीचा, कुठं नुसत्याच सपाटीकरणाचा. हीच सभा 2 ऑक्टोबरला त्याच माळावर उभ्याउभ्या घेतली, तर यातले निम्मे ठराव मांडताना जीभ अडखळेल. तेव्हा तिथं कमरेला लागणारं गवत असतं, ओलीच्या जागी जांभळी-पांढरी फुलं असतात आणि समोर काय आहे हे सांगावं लागत नाही. पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत खड्डे निघालेले असतात.

गायरानाचा विषय निघाला की बोट अतिक्रमण करणाऱ्याकडं जातं. मुरूम चोरणाऱ्याकडं आणि कुंपण पुढं सरकवणाऱ्याकडं ते जायलाच हवं. पण आमच्या मते गवताचा खरा घात चांगल्या हेतूनं होतो आहे. चोराला गाव निदान ओळखतं. खड्डे काढणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो. गायरान राखायचं असेल तर ते गवताचं रान म्हणून राखावं लागेल. झाडं लावून ‘हिरवं’ केलेलं गायरान हे गमावलेलंच गायरान आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी कागद बघू. गाव नमुना 1-ब मध्ये सरकारी बिनभोगवट्याच्या जमिनींत गायरान येतं आणि सातबाऱ्यावर ‘गुरचरण’ किंवा ‘गायरान’ अशी नोंद असते. शेताच्या सातबाऱ्यात न पिकणाऱ्या तुकड्याला ‘पोटखराबा’ म्हणतात. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ आणि झुडपी रानं ‘पडीक’ याच सदरात मोडतात. नांगर चालत नाही आणि झाडंही नाहीत, म्हणजे खराबा, ही महसुलाची नजर आहे. तिला पेरा दिसतो, वैरण दिसत नाही. संरक्षणाचे कायदे नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम 22-अ गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंदी घालतं आणि सार्वजनिक प्रकल्पांसाठी अपवादाची खिडकीही ठेवतं. 2022 च्या अखेरीस उच्च न्यायालयातल्या प्रकरणावरून गायरानातली अतिक्रमणं काढायच्या नोटिसा निघाल्या तेव्हा कोल्हापुरात मोर्चे निघाले. गायरानात दोन पिढ्या राहणाऱ्या भूमिहीनाचं घर हा निवाऱ्याचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर निवाऱ्याच्या धोरणातच शोधावं. दोन गुंठ्यांवरचं छप्पर आणि शंभर एकरांवर फिरलेला जेसीबी एका तराजूत घालू नयेत. पण त्या सगळ्या गदारोळात जागा कुणाची यावरच भांडण झालं. त्या जागेत काय उगवतं, हे कुणी विचारलंच नाही.

काय उगवतं ते पावसावर ठरतं. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळात त्याच्या एक दशांशाच्या आसपास. एवढ्या अंतरात गायरानाचे निदान तीन प्रकार होतात. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात जांभ्याची पठारं, म्हणजे सडे. मधल्या करवीर, भुदरगड, कागलच्या बाजूला गवताळ डोंगरउतार, त्यात करवंद, तोरण, धायटी, रामेट्याची झुडपं. पूर्वेला हातकणंगले-शिरोळकडं मुरमाड माळ. तिथं हिवर, बाभूळ, बोर, तरवड आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कुसळी. या तिन्हींना एकच ‘गायरान विकास आराखडा’ लावणं म्हणजे भाताला, ज्वारीला आणि उसाला एकच खत टाकणं.

सड्याचं एक चौरस मीटर जवळून बघण्यासारखं असतं. सप्टेंबरचा पहिला आठवडा धरा. एका कोपऱ्यात उघडा जांभा, त्यावर शेवाळ आणि दगडफूल. त्याच्या भेगेत बोटभर गवत, जे उन्हाळ्यात वाळून कोळ होतं आणि पहिल्या वळवानंतर काही तासांत त्याच पात्यांनी पुन्हा हिरवं होतं. अशा मरून जिवंत होणाऱ्या 62 वनस्पतींची पश्चिम घाटातली यादी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं 2023 साली प्रसिद्ध केली आहे. त्यातल्या कितीतरी अशाच कातळांवर राहतात. पुढं वीतभर अंतरावर पाच-सात सेंटिमीटर मातीचा थर, सतत भिजलेला. तिथं पांढऱ्या गोल डोक्यांचे गेंद आणि त्यांच्या बुडाशी सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुलं. ही नाजूक दिसणारी वनस्पती शिकारी आहे. तिच्या जमिनीखालच्या भागाला टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात आणि पाण्यातला सूक्ष्म जीव त्यांना शिवला की त्या त्याला आत ओढून घेतात. शेजारी दवबिंदू चिकट केसांवर चिलटं धरतो. दोघांचंही कारण एकच: धो धो पावसानं इथल्या मातीतलं नत्र धुऊन जातं, मग ते किड्यांतून मिळवावं लागतं. ‘या जागेत कस नाही, जरा खत-माती टाकू’ असं म्हणून कुणी शेणखताची पाटी ओतली, तर हीच झाडं आधी मरतात. कस नसणं हाच त्यांचा आसरा आहे, कारण कस आला की उंच तण येतं आणि सावली धरतं.

मातीचा थर थोडा जाड झाला की तेरडा, सोनकी, कवला आणि आभाळी दिसायला लागतात. गौरी आणायला तेरडा लागतो, आणि कळलावीला तर आपण ‘गौरीचे हात’च म्हणतो, सणाची अर्धी फुलं कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या रानातून येतात. जून-जुलैत कंदवाल्यांचा मान असतो: काळी मुसळी, कुली, आषाढ आमरी आणि गवताच्या काड्यांआड लपलेलं कंदीलपुष्प. त्याच्या नळीत खाली वळलेले केस असतात. चिलट आत शिरतं, बाहेर पडता येत नाही, रात्रभर अडकतं, आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतं. गुराख्यांची पोरं याचा कंद खातात. पोरांनी शेकडो वर्षं कंद खाऊनही झाड टिकलं, कारण चार खोदले तर दहा राहायचे. नळीभोवतीचं गवतच गेलं, तर कंद शाबूत असून झाड संपतं.

‘इथं पूर्वी जंगल होतं, लोकांनी तोडलं म्हणून माळ झाला’ हे वाक्य आता शाळेतल्या निबंधापासून लोकप्रतिनिधींच्या भाषणापर्यंत सगळीकडं ऐकू येतं. काही उतारांबाबत ते खरंही आहे. सड्यांबाबत आणि पूर्वेच्या माळांबाबत मात्र ते चुकीचं आहे. फक्त उघड्या उन्हात, उथळ मातीत जगणाऱ्या आणि सह्याद्रीखेरीज जगात कुठंच नसणाऱ्या जाती शे-दोनशे वर्षांच्या तोडीत तयार होत नाहीत. त्यासाठी लाखो वर्षं उघडं रान लागतं. दुसरा पुरावा इतिहासातला आहे. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, त्यांच्यावर चित्तेबाज नेमलेले असत. काळवीट दाट झाडीत राहत नाही आणि चित्ता झाडीत धावत नाही. म्हणजे करवीरच्या आसपास मैलच्या मैल मोकळं गवत होतं, आणि ते कुणी ‘ओसाड’ मानत नव्हतं.

आता गवताकडं येऊ, कारण गायरानाचं खरं पीक तेच. मारवेल आणि पवन्या ही गुरांची पहिली पसंती. दोन्ही बहुवर्षायू, ठोंबानं वाढणारी, मुळं खोल. त्यांच्यावर सतत तोंड पडलं की ठोंब खंगतो आणि त्याची जागा कुसळी घेते. ऑगस्टपर्यंत गुरं कुसळीही खातात, पण ती फुलली की चित्रच पालटतं. तिच्या बियाला पुढं सुईसारखं टोक आणि मागं बोटभर लांब काळपट कूस असतं. ओल आली की कूस उलगडतं, वाळलं की पीळ खातं, आणि या पिळानं बी बर्म्यासारखं जमिनीत शिरतं. तेच मेंढराच्या लोकरीतून कातडीत आणि म्हशीच्या हिरडीत शिरतं. जमिनीखाली गेलेल्या या बियाला वणव्याची आच लागत नाही. मारवेलचं बी हलकं, कापसासारखं, वरच्यावर पडलेलं. ते जळून जातं. म्हणून जो माळ दरसाल पेटतो, तो काही वर्षांत निव्वळ कुसळीचा होतो. ‘जाळलं की नवं गवत जोमानं येतं’ हा समज अर्धा खरा आहे: कोंब लवकर दिसतो, पण तो कुसळीचा असतो. कुसळीनंतरही चराई हटली नाही, तर उरतात भुईला चिकटलेली हरळी, टाकळा आणि रानतुळस. गुरं रानतुळशीला तोंड लावत नाहीत, हे गुराखी कुणालाही सांगेल. तुमच्या गायरानात कुठलं गवत जास्त आहे एवढं बघितलं, तरी ते कुठल्या पायरीवर आहे हे कळतं; त्याला सल्लागार नेमायची गरज नाही.

या रानात पाखरंही जमिनीवरची. माळटिटवी मुरमात चार खडे गोळा करून अंडी घालते, धाविक आणि चंडोल तसेच, लावा गवताच्या बुडाशी. रानात झाडं उभी राहिली की त्यांवर कावळे आणि शिकारे बसतात. त्यांना वरून अंडी दिसतात. पाणवठ्याजवळ एखादं जुनं झाड असणं वेगळं, तीन-तीन मीटरवर रांगा वेगळ्या.

आता त्या रांगांचा हिशेब. राज्यात 2016 साली 2 कोटी, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. एवढी रोपं मावायला जागा लागते, आणि तालुक्याच्या नकाशावर मोकळी सरकारी जागा म्हणजे गायरान. 3 बाय 3 मीटर अंतरानं हेक्टरी 1,111 खड्डे होतात. खड्डा 45 सेंटिमीटरचा, लांबी-रुंदी-खोली सारखी. एका खड्ड्यातून 0.09 घनमीटर माती निघते. हेक्टरी सुमारे 100 घनमीटर, म्हणजे 36 ब्रासच्या जवळपास. कुणी गायरानातून परवान्याशिवाय 36 ब्रास मुरूम उचलला तर तलाठी पंचनामा करतो. इथं तेवढंच रान उकरलं जातं आणि त्याचे फोटो छापून येतात.

सड्यावर याहून वाईट होतं. मातीच दहा सेंटिमीटर, त्यामुळं खड्डा जांभ्यात फोडावा लागतो. जुलैत तो खड्डा वाडग्यासारखा भरतो, रोपाची मुळं पाण्यात गुदमरून कुजतात. जगलंच तर डिसेंबरपासून दगड तापायला लागतो. हेक्टरी 1,111 रोपांना एका वेळी 10 लिटर पाणी द्यायचं तर 11 हजार लिटर लागतात, म्हणजे 5 हजारांचे दोन टँकर घालूनही कमी पडणार. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. फेब्रुवारीपर्यंत निधी संपतो, मार्चला रोपं वाळतात. इथवर फक्त पैसा गेला. पण जांभा फोडल्यावर त्यावर साचणारं पाणी भेगांतून निसटतं आणि गेंद-आसवांचं डबकं सुकतं. खड्डा भरायला बाहेरून आणलेल्या मातीतून गाजरगवताचं बी येतं. उकरलेल्या मोकळ्या मातीवर पुढच्या पावसाळ्यात घाणेरी आणि रानमोडी उठते. रोप मेलं, तण जगलं, गवत गेलं. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लागवड होते, कारण खड्डे तयार असतात.

आणि लागवड यशस्वी झाली तर? ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प इथं चांगली येतात, हाच त्रास आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाला जाड, चिवट. वर्षानुवर्षं कुजत नाही आणि गवताच्या कोंबावर गोधडीसारखा पसरतो. तिच्या खाली बारा महिने तपकिरी जमीन दिसते. गुरं पाला खात नाहीत. कागदावर मात्र ते ‘शंभर टक्के जगलेलं वन’ असतं.

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावायची, आणि भरपूर. पाणंदीच्या दोन्ही कडांना, ओढ्याच्या काठी, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर, देवराईच्या उघड्या पडलेल्या कडेला. करंज, जांभूळ, उंबर, आंबा, आवळा यांना तिथं माती आणि ओल दोन्ही मिळते. गायरानातल्या घळीत आधीच उभ्या असलेल्या झाडांची फूट राखली तर तीच दहा वर्षांत दाटी करते, खड्डा न काढता. फळबागेचा शेतकरी जमीन बघून झाड निवडतो. सरकारी लागवडीत रोपवाटिकेत जे शिल्लक असतं ते निवडलं जातं, हा फरक.

सौर प्रकल्पांचं प्रकरण जास्त अवघड आहे. त्याला सरसकट विरोध करणं प्रामाणिक होणार नाही. रात्री पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्याला साप, गवा आणि बिबट्या या तिन्हींशी गाठ पडू शकते. त्याला दिवसा वीज हवी, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू तोच आहे. एका मेगावॅटला साधारण चार एकर लागतात. पण चार एकर कुठले? मुरूम काढून खड्डा झालेली जागा आणि जुनी खाण यांचं गवत कधीच गेलेलं आहे. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या औद्योगिक वसाहतींची छपरं, साखर कारखान्यांची आणि दूध संस्थांची छपरं मोकळी आहेत. तिथं परवडत नाही असं सांगतात. परवडत नाही याचा खरा अर्थ गायरानाचं भाडं जवळपास शून्य धरलंय एवढाच. आणि गायरानच द्यायची वेळ आली तर निदान करारात लिहून घ्या: सपाटीकरण नाही, खांब ठोकून रोवायचे, पत्र्यांची खालची कड मेंढरं जातील एवढ्या उंचीवर, तणनाशक बंद, आणि ऑक्टोबरनंतर कळपाला आत सोडायचं. मेंढरांनी गवत खाल्लं तर कापायचा खर्चही वाचतो. या पाच अटी घातल्यावर जो ठेकेदार पळून जातो, त्याला जागा फुकट हवी होती.

आता सर्वांत अवघड आक्षेप: ‘गुरं चरायला जातातच कुठं? मग गायरान कशाला?’ यात तथ्य आहे. ऊस आला, 1963 पासून जिल्हा दूध संघाचं जाळं पसरलं, म्हैस गोठ्यात बांधली गेली. हंगामात वाड्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचे, भारे फुकटात मिळतात. पण वाड्यात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसतं वाडं घातलं की म्हैस दुधाला उतरते, हाडं ठिसूळ होतात, गाभण राहायला त्रास होतो. मग चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण विकत आणावं लागतं. शिवाय कारखाने बंद झाले की मे-जूनला वाडंही नाही. पावसाच्या आधीचे ते दोन महिने ज्यांच्याकडं गवताची गंजी आहे त्यांची म्हैस तगते, बाकीचे पेंडीवर पैसा ओततात. ज्याला ऊस नाही, त्याची शेरडं आणि एखादी गाय तर बारा महिने माळावरच आहेत. धनगरांच्या मेंढरांचंही तसंच. तीच मेंढरं दिवाळीनंतर तुमच्या रानात बसवायला तुम्ही धान्य आणि पैसे देता. गायरान बंद झालं की कळप यायचा थांबतो आणि खताची पोती वाढतात. ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांची जमीन म्हणजे गायरान. ग्रामसभेत हीच माणसं सर्वांत मागं उभी असतात.

उलट, ‘राखायचं’ म्हणजे गुरं हाकलून कुंपण घालायचं, हाही हेकाच आहे. कासला 2012 साली जागतिक वारसा दर्जा मिळाला, कुंपण घातलं गेलं, आणि काही वर्षांत फुलं कमी झाल्याची ओरड तिथल्याच लोकांनी केली. कारण साधं आहे. गवत कुणी खाल्लं-कापलं नाही की वाळक्या पात्यांची गादी साचते आणि खालच्या दोन-चार इंचांच्या फुलांना ऊन मिळत नाही. गेंद आणि आसवं गुरांच्या तोंडाखालीच वाढलेली आहेत. आपल्याकडं मसाई पठाराला 2022 मध्ये संवर्धन राखीव दर्जा मिळाला. तिथं गुरांपेक्षा गाड्यांची चाकं रोखायची गरज आहे. ओल्या सड्यावरून एकदा जीप गेली की त्या दोन चाकोऱ्या पाणी वाहून नेणारे पाट होतात. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला हजारो पावलं याच पठारावरून जातात. एका ठरलेल्या वाटेनं गेली तर बिघडत नाही, चिखल चुकवायला प्रत्येक जण बाजूनं गेला की वाट दहा फुटांची होते.

चराई किती, हे मोजता येतं. 400 किलोच्या म्हशीला दिवसाला 10 किलोच्या आसपास सुकी वैरण लागते. एका हेक्टरवर 2 टन सुकं गवत येतं असं धरू आणि निम्मं जमिनीवर राखू. उरलं 1,000 किलो, म्हणजे एका म्हशीचे 100 दिवस. गायरान 20 हेक्टर आणि जनावरं 60 असतील, तर सगळ्यांना मिळून महिनाभर. याहून जास्त वेळ चारायचं असेल तर गवत वाढवावं लागेल किंवा पाळी लावावी लागेल, तिसरा मार्ग नाही. पाळी लावायची सोपी रीत म्हणजे गायरानाचे तीन तुकडे: एक पावसाळाभर बंद, एक सप्टेंबरनंतर खुला, एक आधीपासून खुला, पुढच्या वर्षी क्रम फिरवायचा. हद्दीला तारेचं कुंपण नको, दगडांची चुन्यानं रंगवलेली रास पुरते. बंद तुकड्याचं गवत फुलोऱ्यावर असताना कापलं तर त्यात सत्त्व असतं. दिवाळी उलटून गेल्यावर कापलं तर ते काड असतं. सगळं मात्र कापू नये. दर तीन पट्ट्यांतला एक बी पडेपर्यंत उभा ठेवावा, आणि विळा चार बोटं वरून चालवावा. बुडखा खरडला की मारवेलचा ठोंब मरतो. जिथं मारवेल पार गेली आहे, तिथं शेजारच्याच बांधावरचे ठोंब जूनअखेर दीड-दोन फुटांवर लावावेत. विकतचं सुधारित बी शेताच्या बांधाला उत्तम, सड्यावर अजिबात नको.

तण काढतानाही घाई नडते. घाणेरी जेसीबीनं उपटली की माती उकरली जाते आणि पुढच्या वर्षी दसपट घाणेरी येते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर कुदळीनं तोडायचं, झुडूप उलटं करून जागेवरच वाळत ठेवायचं, आणि त्याच पावसात तिथं गवताचे ठोंब लावायचे. गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून उपटायचं. फुललेलं उपटून फेकलं तर आपण पेरणीच केली. वणव्यासाठी जानेवारीतच रस्त्याच्या कडेनं दहा फूट रुंद गवत कापून जाळपट्टा ठेवायचा. आग बहुतेक वेळा रस्त्यावरूनच सुरू होते, बिडीच्या थोटकानं किंवा मुद्दाम.

हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बहुतेक ठिकाणी ही वही एकदाच, शेजारच्या गावाची उतरून, भरलेली असते. त्यात गायरानाचं वेगळं पान काढा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुराखी, धनगर, औषधी मुळ्या ओळखणारी एखादी म्हातारी, शाळेतला शिक्षक आणि कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकणारं गावातलंच एखादं पोरगं, एवढी माणसं पुरतात. सोबत चार मीटर सुतळी आणि प्रत्येक जागेला चार खुंट्या, त्या तिथंच ठोकलेल्या ठेवायच्या. त्यांचा एक मीटरचा चौकोन होतो. गायरानाच्या नकाशावर वीस ठिकाणं खुणा करून ठेवायची: चार डबक्याकाठी, चार कातळावर, बाकी माळावर आणि उतारावर. प्रत्येक चौकोनात कुठलं गवत किती, माती बोटानं किती खोल जाते, तण आहे का, एवढंच लिहायचं आणि वरून एक फोटो काढायचा. गावातलं नाव लिहा, शास्त्रीय नाव मागाहून कुणीही जोडेल. दोन दिवसांचं काम. मग 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ही पानं वाचून दाखवायची आणि गायरानाबद्दलचा कुठलाही ठराव त्याच सभेत घ्यायचा, 1 मेला नाही. लागवडीचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत येईल, सौर कंपनीचं पत्र एप्रिलमध्ये येईल. दोघांनाही तारीख ऑक्टोबरची द्यायची.

पहिल्या वर्षी या वीस चौकोनांतून फारसं काही सिद्ध होणार नाही. तिसऱ्या वर्षी त्याच खुंट्यांवर सुतळी ताणली की कुसळी सरकली का मारवेल, हे गुराख्याला न वाचताही कळेल. खुंट्या तेवढ्या लोखंडी असाव्यात. लाकडी असल्या तर पहिल्याच हिवाळ्यात चुलीत जातात.